तेजीची तक्रार कोण करतो?

मानसोपचारतज्ज्ञाकडे माणूस तक्रार घेऊन जातो. झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, जीव नकोसा झालाय. ‘डॉक्टर, गेले पंधरा दिवस मला फारच छान वाटतंय, काहीतरी करा’ असं म्हणत कोणी जात नाही. बायपोलर डिसऑर्डर या आजाराची खरी गोची इथेच आहे. त्याचं एक टोक दुखतं, म्हणून ते दाखवलं जातं. दुसरं टोक सुखावतं, निदान सुरुवातीला तरी, आणि त्याला आजार म्हणायचं असतं हे घरात कोणाच्या डोक्यातही येत नाही.

त्यामुळे नेमकं निदान व्हायला अनेकदा पाच-दहा वर्षं जातात, आणि तोवर फायलीवर ‘डिप्रेशन’ एवढंच लिहिलेलं असतं. डॉक्टरचाही त्यात सगळा दोष नाही. अमेरिकेत ल्यूइस जड आणि सहकाऱ्यांनी या आजाराच्या तीव्र प्रकारातल्या १४६ रुग्णांचा बारा-तेरा वर्षं आठवड्या-आठवड्याचा हिशेब ठेवला आणि तो २००२ साली प्रसिद्ध केला. जवळपास निम्मे आठवडे या रुग्णांना काही ना काही लक्षणं होती. त्यांत उदासीचे आठवडे ३२ टक्के होते आणि तेजीचे जेमतेम ९ टक्के. सौम्य समजल्या जाणाऱ्या प्रकारात तर उदासीचे ५० टक्के आणि तेजीचा एखादाच टक्का. डॉक्टरच्या समोर बसलेला माणूस बहुतेक वेळा खचलेलाच असणार. आजार मात्र त्याच्या त्या दिवसाच्या चेहऱ्यावर वाचता येत नाही, मागच्या काही वर्षांच्या चढउतारात तो दिसतो.

एक घर कल्पून पाहू. तालुक्याचं गाव, बाजारपेठेत भांड्यांचं दुकान, चोवीस वर्षांचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तो तीन महिने अंथरुणातून उठला नव्हता. अंघोळ नाही, जेवण नाही, परीक्षा बुडाली. गोळ्या झाल्या, बरं वाटलं, गोळ्या सुटल्या. कॉलेजही सुटलं. आता तो दुकानात बसतो. मार्गशीर्षातल्या एका पहाटे तो साडेतीनला उठतो आणि फळीवरची सगळी भांडी खाली उतरवून पुसायला लागतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नव्या वहीत सगळ्या मालाची नोंद, रंगीत पेनांनी. रात्री एकला झोपला तरी पहाटे ताजातवाना. आई शेजारणीला सांगते, पोरगं मार्गी लागलं हो. वडीलही खूश, कारण गिऱ्हाइकाशी धड न बोलणारा मुलगा आता येईल त्याला थांबवून गप्पा मारतोय.

आठव्या दिवशी दोन लाखांचा माल उधारीवर येऊन दारात पडतो. पुण्यात शाखा काढायची आहे, जागेला टोकन देऊन झालंय. एका गिऱ्हाइकाला त्याने कुकर फुकट दिलाय. ‘अप्पा, तुम्हाला धंद्यातलं काय कळतं? चाळीस वर्षं नुसती भांडी घासलीत!’ हे भर दुकानात, लोकांसमोर. बोलणं इतकं वेगात की मध्ये शब्द घालायला फट नाही, आणि कुकरवरून सुरू झालेलं वाक्य मंगळावरच्या यानापर्यंत जाऊन पोचतं. दहाव्या दिवशी तो सांगतो की मंत्रालयातून आपल्याला फोन येत आहेत. मग घर हादरतं. कोणी म्हणतं बाहेरचं झालंय, कोणी म्हणतं गांजा ओढत असेल, आत्या म्हणते लग्न करून टाका.

डॉक्टरांच्या पुस्तकात मॅनियाची, म्हणजे पूर्ण चढलेल्या उन्मादाची, जी लक्षणं दिलेली असतात ती जवळपास सगळी या घरात आली. मी कोणीतरी मोठा आहे ही भावना, झोपेची गरजच कमी होणं, न थांबणारं बोलणं, विचारांच्या उड्या, कशावरच लक्ष न टिकणं, अंगात संचारलेली कामाची खुमखुमी आणि परिणामांचा विचार न करता केलेले उद्योग, मग ते पैशाचे असोत, गाडी हाकण्याचे असोत की शरीरसंबंधांचे. मन चढलेलं, अंगात वेगळाच जोर, आणि जोडीला यांतली तीन लक्षणं आठवडाभर, दिवसाचा बहुतेक वेळ दिसली की त्याला मॅनिया म्हणतात. मन आनंदी नसून नुसतं चिडखोर असेल तर चार लागतात. चिडखोर हा शब्द इथे लक्षात ठेवावा. मॅनिया म्हणजे हसणारा, नाचणारा माणूस असं चित्र सिनेमाने करून ठेवलंय. प्रत्यक्षात बऱ्याच घरांना आठवतो तो राग, घालूनपाडून बोलणं आणि कोणी आडवं आलं की त्याच्यावर धावून जाणं.

हीच तेजी कमी आचेवर असते तेव्हा ती हायपोमॅनिया. चार दिवस टिकली तरी निदानाला पुरे. यात माणूस कामावर जातो, नेहमीपेक्षा जास्त काम करतो, विनोद करतो, सगळ्यांना आवडतो. भ्रम नाहीत, रुग्णालयात न्यायची वेळ येत नाही. हायपोमॅनिया आणि अधूनमधून खोल उदासी असा आलेख असेल तर त्याला टाइप २ म्हणतात, आणि एकदा जरी पूर्ण मॅनिया झाला तरी टाइप १. दोन नंबरचा म्हणजे हलका, असं मात्र नाही. वर दिलेला ५० टक्क्यांचा आकडा त्याच प्रकाराचा आहे.

सकाळी हसणं, दुपारी रडणं आणि संध्याकाळी भांडण याला बायपोलर म्हणायची हल्ली कॉलेजांत टूम आहे. हा आजार तासांनी मोजायचा नसतो, तो दिवसांनी आणि आठवड्यांनी मोजायचा. त्यात माणूस त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या वागण्यापासून सुटून जातो. मुळातच बडबड्या, खर्चिक, उशिरा झोपणारा माणूस बडबड करत असेल तर तो त्याचा स्वभाव. हिशेबी, मितभाषी बाई अचानक चार दिवसांत सहा पैठण्या हप्त्यावर घेते तेव्हा विचारावं.

एकच खूण लक्षात ठेवायची तर मी झोपेची सांगेन. निद्रानाश आणि ही गोष्ट वेगळी. निद्रानाशाचा माणूस झोपेसाठी तळमळतो आणि सकाळी गळालेला असतो. तेजीतला माणूस तीन तास झोपतो आणि त्याला त्याहून जास्त नकोच असते. शिवाय झोप हे नुसतं लक्षण नाही, ते कारणही आहे. एकापाठोपाठ रात्रपाळ्या, जागरणं, वेळेची गणितं उलटी करणारा विमानप्रवास, घरातलं लग्नकार्य, यांनी मुळात कल असलेल्या माणसाची तेजी सुरू होऊ शकते. म्हणून उदासीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला चांगला डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतो: कधी असे दिवस गेलेत का, की झोप कमी असूनही थकवा नव्हता आणि लोक म्हणाले तू नेहमीसारखा वाटत नाहीस? याचं उत्तर अनेकदा रुग्णापेक्षा बायको, भाऊ किंवा खोलीतला जोडीदार नीट देतो. उदासीत असलेल्या माणसाला आपली तेजी आठवत नाही, आणि आठवली तरी ते आयुष्यातले चांगले दिवस म्हणून आठवतात. डॉक्टरकडे जाताना घरातलं कोणीतरी सोबत असावं ते त्यासाठी.

हा प्रश्न विचारला गेला नाही तर नुकसान होतं. बायपोलर असलेल्या माणसाला नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर काहींच्या बाबतीत मन वर येताना थांबतच नाही, थेट मॅनियात जातं. नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत कोणी अतिउत्साहात आलं, झोप उडाली, तर ‘औषध लागू पडलं’ म्हणून पेढे वाटू नयेत. डॉक्टरला फोन करावा.

सगळ्यांत धोक्याची स्थिती दोन्ही टोकं एकत्र येतात ती. मनात काळोख आणि अंगात मॅनियाची वीज. नुसत्या खोल उदासीत माणसाला हात उचलायचाही कंटाळा असतो. या मिश्र अवस्थेत निराशेला कृतीचं बळ मिळतं. बायपोलर रुग्णांत आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा वीस ते तीस पट असल्याचं मानलं जातं. आपण नसलेलंच बरं अशी भाषा, सामानसुमान वाटून टाकणं, निरोपाचे मेसेज, यांना कोणी नाटक म्हणू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येतं. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर मात्र फोनवर न थांबता जवळचं मोठं रुग्णालय गाठावं.

या आजाराचं आतून केलेलं सर्वांत धीट वर्णन एका तज्ज्ञ बाईंचंच आहे. के रेडफिल्ड जेमिसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. फ्रेडरिक गुडविन यांच्यासह त्यांनी या आजारावर १९९० साली लिहिलेला ग्रंथ जगभरचे डॉक्टर वापरतात. पाच वर्षांनी, १९९५ साली, ‘अॅन अनक्वायट माइंड’ या आत्मकथनात त्यांनी जाहीर केलं की हा आजार मलाच आहे. १९७४ साली लॉस एंजलिसच्या विद्यापीठात प्राध्यापकी मिळाल्यावर काही महिन्यांतच त्या पूर्ण मॅनियात गेल्या होत्या. त्या काळात त्यांनी सर्पदंशावरच्या औषधांच्या पेट्या डझनाने विकत घेतल्या. परिसरात सापांचा सुळसुळाट होणार आणि तो धोका फक्त आपल्यालाच कळलाय, अशी त्यांची खात्री होती. पेंग्विन प्रकाशनाची पुस्तकं त्यांनी गठ्ठ्याने घेतली, का, तर पेंग्विनांची एक वसाहत झाली तर बरं. वाचताना हसू येतं, आणि पुढच्याच पानांवर बिलांचा ढीग येतो. अर्थतज्ज्ञ असलेला त्यांचा भाऊ विमानाने येऊन जमिनीवर बसून ती बिलं लावतो आणि कर्ज काढून फेडतो. सगळी घरं एवढी नशीबवान नसतात. आपल्याकडे अशा वेळी बहुधा सोनं गहाण पडतं, नाहीतर सातबारावर बोजा चढतो.

जेमिसनबाईंच्या पुस्तकातली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मात्र दुसरी गोष्ट. आजाराबद्दल सगळं ठाऊक असूनही त्या वर्षानुवर्षं गोळ्या घ्यायच्या टाळत राहिल्या. तेजीचे दिवस त्यांना हवे होते. भरपूर मात्रेतल्या औषधामुळे वाचन जमेना, हात थरथरत, आणि औषध सोडलं की काही दिवस झगमगाट आणि मग महिनोन्महिने अंधार. एका अशाच अंधारात त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला आणि त्यातून वाचल्या. पुढे मात्रा कमी केल्यावर त्यांना पुन्हा वाचता येऊ लागलं. रुग्ण गोळ्या सोडतो तेव्हा तो अडाणी किंवा हट्टी असतोच असं नाही. त्याच्याकडून काहीतरी काढून घेतलं जात असतं, आणि त्याबद्दल त्याच्याशी बोलावं लागतं.

त्यांनी टाळलेलं ते औषध म्हणजे लिथियम. मोबाइलच्या बॅटरीत असतं तेच मूलद्रव्य, क्षाररूपात. त्याची कथा ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ घडली. जॉन केड हे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी कैदेत तीन वर्षांहून अधिक काळ होते. परतल्यावर युद्धातून आलेल्या सैनिकांच्या एका मनोरुग्णालयात त्यांनी वापरात नसलेल्या कोठीघरात प्रयोगशाळा थाटली. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काहीतरी विष असावं अशी त्यांची कल्पना होती, आणि ती चूक होती. त्या प्रयोगांत युरिक आम्ल विरघळावं म्हणून त्यांनी त्याचा लिथियमचा क्षार वापरला, तर टोचलेले गिनीपिग शांत पडून राहायला लागले. केड यांनी आधी लिथियम स्वतः घेऊन पाहिलं, मग रुग्णांना दिलं. पहिला रुग्ण एक्कावन्न वर्षांचा, पाच वर्षं सतत उन्मादात असलेला, सगळ्या वॉर्डाला नकोसा झालेला. काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. मग त्याने औषध सोडलं आणि तो परत आला. आजही ओपीडीत जे दर आठवड्याला घडतं ते पहिल्याच रुग्णात घडून गेलं होतं.

केड यांचा निबंध १९४९ साली प्रसिद्ध झाला. पण त्याच वर्षी अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड दिल्याने काहींचे मृत्यू झाले आणि त्याचं नाव खराब झालं. डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्कू यांनी १९५४ पासून पद्धतशीर चाचण्या केल्या, आणि अमेरिकेत परवानगी मिळायला १९७० साल उजाडलं. मूलद्रव्याचं पेटंट घेता येत नाही, त्यामुळे त्याची जाहिरात करण्यात औषध कंपन्यांना रस नव्हता. आजही ही गोळी स्वस्त आहे, आणि आत्महत्या कमी करण्याबाबत तिच्याइतका भक्कम पुरावा फार थोड्या औषधांपाशी आहे.

पण ही गोळी रक्त तपासत घ्यायची असते. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर हवी. त्याखाली उपयोग नाही, आणि १.५च्या पुढे विषबाधा सुरू होते. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, शिवाय किडनी आणि थायरॉइडचीही ठरावीक काळाने तपासणी. विदर्भातल्या मे महिन्यात घामाने पाणी आणि मीठ गेलं, जुलाब-उलट्या झाल्या, कडकडीत उपास केला, किंवा बीपीसाठी अचानक मीठ बंद केलं, तर तीच मात्रा अंगावर येते. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळीनेही. हात जोराने कापणं, पाय लटपटणं, जीभ जड होणं, उलट्या, असं दिसलं तर पुढची गोळी थांबवून तडक डॉक्टर गाठावा. लिथियम न मानवणाऱ्यांसाठी व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन आणि इतर औषधं आहेत. मात्र मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट शक्यतो टाळतात, कारण ते गर्भाला घातक आहे.

आता आत्याबाईंच्या सल्ल्याकडे येऊ. लग्न करून टाका, ठीक होईल. लग्न म्हणजे महिनाभराची जागरणं, पैशाची उलाढाल, आणि सासरी कळू नये म्हणून लपवलेल्या, मग सोडलेल्या गोळ्या. तेजी यायला याहून चांगली तयारी कोणी मुद्दाम करू म्हटलं तरी होणार नाही. मुलीच्या बाबतीत त्यापुढे बाळंतपण येतं. टाइप १ असलेल्या बायकांत बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत सुमारे पाचांतल्या एकीला तीव्र झटका येतो, कधी भ्रमांसहित. आधी माहीत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ मिळून औषधांची आखणी करतात, रात्रीचं बाळ दुसऱ्या कोणी सांभाळायचं ठरवतात. लपवलेलं असेल तर त्या बाईला ‘बाळंतवारं’ म्हणून खोलीत कोंडलं जातं. या आजाराची माणसं लग्न करतात, संसार करतात, मुलं वाढवतात. फक्त ते लग्न समोरच्याला सांगून केलेलं असावं.

मुलांना होईल का, हा त्यानंतरचा प्रश्न. आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला असला तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता ४० टक्के आणि त्याहूनही वर जाते. पण आई किंवा वडिलांपैकी एकाला असला तर शंभर मुलांमागे साधारण पाच-दहा जणांना होतो, म्हणजे नव्वद जणांना होत नाही. एक जनुक, एक आजार असा सरळ हिशेब इथे नाही. थायरॉइडचा विकार किंवा स्टेरॉइडची औषधं यांनीही अशीच तेजी दिसू शकते, म्हणून पहिल्यांदाच झटका आला तर रक्ततपासण्या आधी. विशेषतः पन्नाशीनंतर पहिल्यांदा आला तर नक्कीच.

वैद्यकाला हे दोन चेहरे एकाच आजाराचे आहेत हे कळून पावणेदोनशे वर्षं होत आली. पॅरिसच्या फालरे आणि बायारझे यांनी ते १८५०च्या दशकात मांडलं, क्रेपेलिन यांनी १८९९ साली त्याला स्किझोफ्रेनियापासून वेगळं काढलं, आणि १९८० साली अमेरिकन वर्गीकरणात सध्याचं नाव आलं. आपल्याकडे निम्हान्सने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधीतरी हा आजार झालेले लोक ०.५ टक्के आढळले. टक्का लहान दिसतो, पण शंभर कोटींवरच्या देशात तो पन्नास लाखांहून अधिक होतो. त्यांतल्या सुमारे ७० टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. त्या बारा राज्यांत ना महाराष्ट्र होता ना गोवा, पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं मानायचं कारण दिसत नाही.

झटका उतरल्यानंतरचे महिने घरासाठी सर्वांत मोलाचे. अमेरिकेत एलन फ्रँक यांनी उठणं, जेवण, काम, झोप यांच्या वेळा पक्क्या करण्यावर आधारलेली उपचारपद्धती विकसित केली आणि तिने पुढचा झटका लांबतो असं दिसलं. घरात सतत टोचून बोलणं असेल तर झटके लवकर येतात, हेही अनेक अभ्यासांतून दिसलंय. ‘तुझ्यामुळे दोन लाख बुडाले’ हे अप्पांनी एकदा म्हणावं, त्यांचा तो हक्क आहे. रोज जेवताना म्हणू नये.

आणि याच शांत काळात रुग्णाशी बसून काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. भांड्यांच्या दुकानातल्या त्या मुलाचं उदाहरण घेतलं तर: सलग दोन रात्री चार तासांहून कमी झोप झाली की ताईने डॉक्टरला फोन करायचा, मला न विचारता. मोबाइलमधलं पैशाचं ॲप आणि एटीएम कार्ड तिच्याकडे द्यायचं. दहा हजारांवरचा माल अप्पांच्या सहीशिवाय उचलायचा नाही, आणि व्यापाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवायचं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने याला आधारही दिलाय. आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसू तेव्हा कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे शुद्धीवर असताना लेखी देता येतं. त्याच कायद्याने शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विम्याचं संरक्षण देणं बंधनकारक केलंय, त्यामुळे पॉलिसी घेताना आजार लपवू नये आणि दावा नाकारला तर गप्प बसू नये. लिहिलेल्या कागदाची एक प्रत फायलीत, एक ताईकडे, आणि झोपेच्या तासांची नोंद करायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.